पन्नास पौंडांचा हिशेब

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲप गटावर एक जुनीच पोस्ट पुन्हा फिरली. युगांडाचा हुकूमशहा ईदी अमीन याने १९७२ साली हाकलून दिलेले आशियाई, म्हणजे बहुतेक भारतीय वंशाचे, लोक खिशात ५० पौंड घेऊन ब्रिटनला आले, कुणापुढे हात पसरला नाही आणि आज त्यांच्यातले काही हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसतात. मग आता इंग्लिश खाडीतून बोटींनी येऊन आश्रय मागणाऱ्यांना सरकारी खर्चाने हॉटेलं कशाला? खाली अंगठे, टाळ्या, ‘एकदम बरोबर’. तासाभराने एका तरुण मुलाने उलट टोक गाठलं: हे युगांडावाले तिथल्या काळ्या लोकांना लुबाडून गबर झालेले होते, त्यांचं कौतुक कसलं सांगता? मग जी जुंपली ती रात्री अकरापर्यंत. शेवटी ॲडमिनने सगळ्यांची तोंडं बंद केली आणि सकाळी नेहमीसारखा गणपतीचा फोटो आला.

मी इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते, त्यांची कराची विवरणपत्रं भरते. माझ्याकडे युगांडाहून आलेल्या कुटुंबांची खाती बरीच आहेत, त्यामुळे हा वाद वाचताना बोटं शिवशिवत होती. माझं म्हणणं असं आहे. युगांडाच्या आशियाईंची इथे भरभराट झाली, यात वाद नाही. पण ती भरभराट पट्टीसारखी हातात धरून इतर स्थलांतरितांची उंची मोजायला निघालात, तर फसाल. ती कशामुळे झाली हे खोलात जाऊन पाहिलं, तर जी कारणं सापडतात ती पोस्ट फिरवणाऱ्यांच्या मुळावर येणारी आहेत.

मुळात ‘युगांडाचे’ म्हणजे कोण? गेल्या जानेवारीत, विवरणपत्रांची ३१ तारीख तोंडावर आलेली असताना, माझ्या टेबलावर एकाच संध्याकाळी दोन फायली होत्या. एक सत्तरी ओलांडलेल्या गुजराती काकांची. दुकान विकलेलं, दोन घरं आणि रस्त्यालगतचा एक गाळा भाड्याने दिलेला, पेन्शन, थोडं व्याज. दुसरी फाइल चाळिशीतल्या बाईची. आठवड्याच्या पाच रात्री वृद्धाश्रमात ड्युटी, शनिवार-रविवारी स्वतःच्या स्वयंपाकघरात लोकांच्या केसांच्या बारीक वेण्या घालून देणं, आणि दर महिन्याला घरी पाठवलेल्या पैशांच्या पावत्यांचा गठ्ठा. त्या पावत्यांवर करात सूट मिळत नाही, हे मी तिला दरवर्षी सांगते. ती दरवर्षी आणते. दोघांच्या पासपोर्टवर जन्मस्थान एकच: कंपाला. जनगणनेच्या ‘युगांडात जन्मलेले’ या रकान्यात दोघंही शेजारी शेजारी बसतात. सरासरी काढली तर दोघंही बऱ्यापैकी मध्यमवर्गीय ठरतील.

अमीनच्या, नंतर राष्ट्राध्यक्ष ओबोटेच्या दुसऱ्या राजवटीच्या आणि उत्तरेतल्या युद्धाच्या काळात पळून आलेले काळे युगांडन या देशात हजारोंनी आहेत. पण ‘युगांडाहून आलेल्यांचं यश’ म्हटलं की त्यांची आठवण कुणाला होत नाही. त्यांना कुणी पोस्टमध्ये घालत नाही. पोस्ट घालणाऱ्याच्या मनात ‘युगांडा’ म्हणजे पटेल आणि मेहता असतात. म्हणजे तुलना सुरू होण्याआधीच एक गट निवडलेला असतो, आणि निवडलेला अशासाठी की तो जिंकलेला आहे.

आता समोरच्यांची जमेची बाजूही मांडायला हवी, आणि ती थोडीथोडकी नाही. ४ ऑगस्ट १९७२ ला अमीनने फर्मान काढलं, ९० दिवसांची मुदत दिली. सुमारे २८ हजार माणसं ब्रिटनमध्ये उतरली. एंटेबी विमानतळाच्या रस्त्यावर लष्कराची नाकी होती. तिथे अंगठ्या, घड्याळं, रेडिओ काढून घेतले गेले. इकडे स्वागत कसं होतं? स्मिथफील्डच्या मटण बाजारातल्या हमालांनी लंडनमध्ये विरोधात मोर्चा काढला. आमच्या लेस्टरच्या नगरपालिकेने तर ‘युगांडा आर्गस’ या तिथल्या वृत्तपत्रात पैसे मोजून जाहिरात दिली की तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका. आणि तरीही दोन दशकांत चित्र पालटलं. १९९४ च्या वांशिक अल्पसंख्याकांच्या राष्ट्रीय पाहणीत ‘आफ्रिकन आशियाई’ असा वेगळा गट धरला होता; युगांडा, केनिया, टांझानियाहून आलेले त्यात होते. हा गट गोऱ्यांच्या जवळपास बरोबरीला पोहोचलेला दिसला. त्याच पाहणीत दर पाचपैकी चार पाकिस्तानी आणि बांगलादेशी कुटुंबांचं उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या निम्म्याहूनही कमी होतं. हा फरक काल्पनिक नाही आणि निव्वळ वर्णद्वेषाने तो समजावता येत नाही, कारण रस्त्यावर शिव्या देणारा ‘पाकी’ म्हणताना कोण कुठला हे विचारत नसे.

मग ५० पौंडांचं काय? आकडा खरा आहे. साधारण तेवढेच न्यायची परवानगी होती. खोटा आहे तो त्यातून काढलेला अर्थ. नाक्यावरच्या शिपायाला अंगठी काढून घेता येते, रोजमेळ लिहायची सवय काढून घेता येत नाही. या माणसांना घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर माल कसा उचलायचा, किती दिवसांत फिरवायचा, कुणाला उधार द्यायचं आणि कुणाला नाही, हे दोन पिढ्या ठाऊक होतं. मुलं इंग्रजी शाळेत शिकलेली होती. लंडनच्या वेम्बलीत नाहीतर इथे बेलग्रेव्ह रोडवर आधी येऊन राहिलेला एखादा मामेभाऊ होता, जो कागद न करता चारशे पौंड हातात ठेवी. भांडवल म्हणजे फक्त नोटा असं समजणाऱ्याने कधी दुकान चालवलेलं नसतं.

आणि हे भांडवल जमलं कसं? इथे त्या तरुण मुलाच्या रागात तथ्य आहे. मोम्बासाहून युगांडाकडे निघालेल्या रेल्वेसाठी १८९६ ते १९०१ या काळात सुमारे ३२ हजार मजूर हिंदुस्थानातून नेले, मुख्यतः पंजाबातून. अडीच हजारांच्या आसपास मेले, उरलेले बहुतेक परत गेले. ‘रेल्वेच्या कुलींची पोरं कोट्यधीश झाली’ ही कथा त्यामुळे फारशी खरी नाही. दुकानदार आले ते नंतर, बहुतेक गुजरातेतून, स्वतःच्या तिकिटावर. अलिदिना विश्रामसारख्या व्यापाऱ्यांनी रुळांच्या कडेने दुकानं काढली. स्वाहिलीत दुकानाला आजही ‘डुका’ म्हणतात. हा शब्द आपल्याकडचा. पण ही चढती कमान मोकळ्या बाजारातली नव्हती. इंग्रजांनी मधली पायरी आशियाईंसाठी राखून ठेवली होती. शेतजमीन आशियाईंना बहुतेक बंद, आणि कापसाच्या जिनिंगचे दरवाजे आफ्रिकनांना कितीतरी वर्षं बंद. पिकवणारा एक, तोलणारा दुसरा. १९४९ चे दंगे आणि १९५९ मधला आशियाई दुकानांवरचा बहिष्कार हे त्या तराजूवरचे राग होते. मात्र त्यावरून मसिंदीच्या एखाद्या आडगावात डुकामध्ये महिन्याच्या पगारावर मापं भरणाऱ्या पोराला वसाहतवादाचा भागीदार ठरवणं म्हणजे जिल्हाधिकाऱ्याचा राग तलाठ्याच्या शिपायावर काढण्यासारखं आहे. हाकललेल्यांत साखर कारखान्याचे मालक मूठभर होते आणि शिंपी, गवंडी, कारकून भरपूर.

‘कुणापुढे हात पसरला नाही’ हे वाक्य तर सरळ खोटं आहे, आणि ज्यांनी ते दिवस काढले ते स्वतः असं म्हणत नाहीत. सरकारने युगांडा पुनर्वसन मंडळ नेमलं होतं. जुन्या लष्करी तळांवर १६ छावण्या उघडल्या. सफोकमधलं स्ट्रॅडिशॉल, वेल्सच्या किनाऱ्यावरचं टॉनफानाऊ. तिथे तीन वेळचं जेवण, गरम कपडे, घोंगड्या, दवाखाना मिळे. माझ्याकडे फाइल असलेले ते गुजराती काका टॉनफानाऊला सहा आठवडे होते. कुणा गोऱ्या बाईने दिलेला, कोपरापाशी विरलेला करडा कोट त्यांनी अजून कपाटात ठेवलाय. यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नाही. लाज वाटते ती त्यांच्या नावाने पोस्ट लिहिणाऱ्यांना.

पण सगळ्यात मोठी गोष्ट छावणी नव्हे, पासपोर्ट. यातल्या बहुतेकांकडे ब्रिटिश पासपोर्ट होते, आणि ते आले ते कायमचं राहण्याच्या आणि पहिल्या दिवसापासून काम करण्याच्या हक्काने. आजी, सून, पोरं असं सबंध घर एका विमानाने. दुसऱ्या आठवड्यात मिळेल त्या कारखान्याच्या फाटकावर उभं राहायला त्यांना कुणी अडवत नव्हतं. आता बोटीतून आलेल्याचं पाहा. आश्रयाचा अर्ज केल्यावर पहिलं वर्षभर त्याला काम करायला साधारणपणे बंदी असते; त्यानंतर परवानगी मिळाली तरी ठरावीक यादीतल्या कामांपुरतीच. हातात आठवड्याला ४९ पौंडांच्या आसपास, आणि हॉटेलात जेवण मिळत असेल तर दहाच्या आसपास. १९७२ च्या पन्नास पौंडांत कुटुंबाचे काही आठवडे निघत. आजच्या ४९ पौंडांत एका माणसाचा आठवडाही धड निघत नाही. आधी हात बांधायचे आणि मग ‘बघा, पोहत नाही’ म्हणायचं, ही कुठली परीक्षा? काकांना टॉनफानाऊला सहा आठवड्यांऐवजी दीड वर्ष, काम न करण्याच्या अटीवर ठेवलं असतं, तर आज त्यांच्या विवरणपत्रात भाड्याचा रकाना भरायची वेळ माझ्यावर आली असती का?

यावर उत्तर येतं की ते नागरिक होते, हे नाहीत. मान्य, कायद्याने फरक आहेच. पण मग तसंच म्हणा ना. त्यांना हक्क होता म्हणून ते उभे राहिले, असं म्हणा. ते कष्टाळू आणि हे आळशी, असं म्हणू नका. आणि तो हक्कही काही देवाने दिलेला नव्हता. केनियातून आशियाई येऊ लागले तेव्हा १९६८ मध्ये संसदेने तीन दिवसांत कायदा करून याच पासपोर्टांची धार बोथट केली होती. चार वर्षांनी पंतप्रधान एडवर्ड हीथ यांच्या सरकारने, आपल्याच पक्षातल्या इनॉक पॉवेल यांचा विरोध पत्करून, जबाबदारी घेतली म्हणून ही कथा घडली. प्रीती पटेल यांचे आईवडील साठच्या दशकात युगांडाहून आले. २०२० मध्ये गृहमंत्री म्हणून त्यांनी गुणांवर आधारलेली व्हिसाची नवी पद्धत आणली तेव्हा, या नियमांत तुमचे आईवडील बसले असते का, या प्रश्नावर कदाचित नाही असं त्यांना मान्य करावं लागलं. पोस्ट फिरवणाऱ्यांनी हा प्रसंग कधी फिरवलेला मी पाहिलेला नाही.

‘शेवटी संस्कार महत्त्वाचे’ हा हुकमी पत्ता उरतोच. त्याची परीक्षा घ्यायला लांब जायला नको, आमच्या गल्लीत ती रोज होते. लेस्टरमध्ये दीव-दमणहून आलेले लोक मोठ्या संख्येने आहेत. १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगीज राज्य होतं, त्यामुळे त्यांना आणि त्यांच्या पोरांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो. युरोपीय संघाच्या वाटेने ते इथे आले. भाषा गुजराती, घरी तीच देवी, नवरात्रात तोच गरबा. युगांडावाल्यांच्या आणि त्यांच्या संस्कारांत काय फरक दाखवणार? पण यांच्यातले कितीतरी जण गोदामांत आणि कपड्यांच्या कारखान्यांत राबतात. २०२० च्या टाळेबंदीत त्या कारखान्यांमध्ये किमान वेतनाच्या निम्म्याने पगार दिले जात असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा देशाला लेस्टर नव्याने कळलं. इंग्रजी नाही, आधी आलेला मामेभाऊ नाही, आणि आले तोपर्यंत घरांच्या किमती आभाळाला भिडलेल्या.

गोव्याची गोष्ट तर आणखी बोलकी. युगांडातले गोवेकर दुकानदार नव्हतेच; सरकारी कचेऱ्यांतले आणि बँकांतले कारकून, हिशेबनीस, शिक्षक. संध्याकाळी कंपालाच्या गोवन इन्स्टिट्यूटमध्ये पत्ते आणि नाच. ‘व्यापार रक्तातच असतो’ हा सिद्धांत त्यांना लावता येत नाही, तरी इंग्लंड-कॅनडात त्यांचं बरं चाललं, कारण फायली आणि इंग्रजी दोन्ही सरावाचं होतं. याउलट गेल्या वीसेक वर्षांत पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला आलेले गोवेकर पाहा. तीच कोंकणी, तोच मिस्सा, शिगडीवर तेच सुकं बांगड्याचं तिखट. पण पाळी गोदामातली, एका घरात तीन कुटुंबं. संस्कार तेच, वर्ष वेगळं आणि दार वेगळं.

त्या वर्षाला मी फार महत्त्व देते, कारण माझ्या कामात ते रोज दिसतं. ज्याने १९७६ मध्ये लेस्टरात दोन खोल्यांचं चाळवजा घर घेतलं, त्याने पुढे काहीही केलं नाही तरी तो श्रीमंत झाला. त्याच्या घामाने कमावलेलं एक आणि विटांनी आपोआप कमावलेलं दुसरं, हे दोन्ही आम्ही ‘कष्टाचं फळ’ म्हणून एकाच खात्यावर जमा करतो. २००५ मध्ये आलेला माणूस तेवढेच तास राबला तर त्याच्या भाड्याने पहिल्याचं आणखी एक घर फिटतं.

संस्कार शून्य, असं मात्र मी म्हणणार नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१८ च्या आकड्यांत भारतीय वंशाच्या नोकरदाराचा मध्यम ताशी पगार १३.४७ पौंड होता, गोऱ्या ब्रिटिशाचा १२.०३ आणि बांगलादेश्याचा ९.६०. ‘भारतीय’ या आकड्यात कालपरवा व्हिसावर आलेले पुण्या-बंगळुरूचे संगणकवाले आणि डॉक्टरही आहेत, हे खरं. पाकिस्तानी गटातले कितीतरी जण मीरपूरचे, मंगला धरणात गावं बुडालेले. ब्रॅडफर्ड-ओल्डहॅमच्या कापडगिरण्यांत रात्रपाळीला लागले आणि त्या गिरण्याच बसल्या, हेही खरं. गिरणी बसली म्हणजे काय होतं ते लालबाग-परळच्या माणसाला कुणी सांगायला नको. तरीही एक गोष्ट उरते: युगांडाच्या घरातली बाई पहिल्याच महिन्यात कारखान्यात गेली, मीरपूरच्या किंवा बांगलादेशातल्या सिल्हेटच्या घरातली बहुधा गेली नाही. एका घरात दोन पगार, दुसऱ्यात एक. हा रिवाजाचा भाग आहे आणि तो नाकारणारे डावे मित्र स्वतःचीच बाजू लंगडी करतात. पण रिवाज दगडावरची रेघ नसतो. त्याच बांगलादेशी घरांतली इथे शिकलेली मुलं आज शालान्त परीक्षेत गोऱ्या मुलांच्या सरासरीपुढे आहेत. एवढ्यात रक्त बदललं का?

आणि त्या कारखान्यात गेलेल्या बाईची कथाही पोस्टमधली नाही. मे १९७४ मध्ये इथल्या इंपीरियल टाइपरायटर्समध्ये आशियाई कामगारांनी संप केला. त्यात पूर्व आफ्रिकेहून आलेले पुष्कळ होते, बायकाही होत्या. बोनसचं लक्ष्य त्यांना एक आणि गोऱ्यांना दुसरं, अशी तक्रार होती. युनियनने पाठ फिरवली, आणि पुढच्या वर्षी मालक कंपनीने कारखानाच बंद केला. ‘गुपचूप राबले म्हणून वर आले’ म्हणणाऱ्यांना हे भांडण कुठे बसवायचं ते कळत नाही, म्हणून ते वगळतात. दुकानाचंही तेच. काकांच्या जुन्या वह्या माझ्याकडे आहेत. पहाटे साडेपाचला वर्तमानपत्रांचे गठ्ठे, रात्री नऊला शटर, नाताळचा एक दिवस सुट्टी. पगाराच्या रकान्यात काकूंचं नाव बावीस वर्षांत एकदाही नाही. नफ्याला दोघांच्या तासांनी भागलं तर कित्येक वर्षी ताशी दर कारखान्याहून कमी भरतो. मुलगा फार्मासिस्ट झाला तेव्हा काकांनी दुकान विकलं, आणि दुकान त्याने घ्यावं असं त्यांना एकदाही वाटलं नाही. व्यापार रक्तातच असता, तर असं का व्हावं?

आम्हा मराठी माणसांना तर या तुलनेचा वीट यायला हवा. ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ हे आपण आपल्याच घरात शंभर वर्षं ऐकतोय. कोकणातून बोटीने उतरून गिरणीत साच्यावर उभा राहिलेला माणूस आणि पेढीवर काकाच्या शेजारी बसून हुंडी शिकलेला माणूस, दोघं मुंबईत परकेच; पण एकाचं ‘कष्टाळू’ म्हणून आणि दुसऱ्याचं ‘धंदेवाईक’ म्हणून वर्णन झालं, जणू जन्मखुणाच. त्या वाक्याने आपल्याला राग येतो. मग तेच वाक्य लेस्टरमध्ये बसून सोमाली माणसाबद्दल फॉरवर्ड करताना अंगठा कसा अडखळत नाही?

अमीनने आपल्या मोहिमेला ‘आर्थिक युद्ध’ म्हटलं होतं. जप्त केलेली दुकानं शिपायांना आणि मर्जीतल्यांना वाटली; त्या नव्या धनवंतांना लोक ‘माफुता मिंगी’ म्हणू लागले, म्हणजे तेलाने निथळणारे. शर्टाच्या कॉलरचं माप हीच किंमत समजून शर्ट विकले गेल्याचा किस्सा काका अजून खदखदून हसत सांगतात. मी एकदा म्हटलं, काका, त्या शिपायाला बिलं, घाऊकवाला, उधारी, यांतलं काहीच मिळालं नव्हतं, नुसती किल्ली मिळाली होती. आज कंपालाच्या किकुबो बाजारात घाऊक व्यापार कोण चालवतंय? तिथलीच माणसं ना? ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “हां, ए वात साची.”

त्या वेण्या घालणाऱ्या बाईला आता छोटं सलून काढायचंय. काकांचा गाळा ऑक्टोबरपासून रिकामा आहे. तिच्या सांगण्यावरून मी त्यांना विचारलं. तीन महिन्यांचं आगाऊ भाडं आणि एक जामीनदार, ते म्हणाले, घरमालक असलेला. १९७९ मध्ये त्यांना पहिलं दुकान मिळालं तेव्हा जामीन कोण होतं, हे मी विचारलं नाही, कारण उत्तर वहीत आहे: सासऱ्यांचे भाऊ. मी एवढंच सांगितलं की ती कंपालाची आहे.

“कंपालामां क्यां?”

ओल्ड कंपाला, टेकडीच्या उतारावर, मी म्हटलं. त्यांनी चष्मा काढला, रस्त्याचं नाव विचारलं, मग त्या रस्त्यावरच्या बेकरीचं. बेकरी आता आहे का ते तिला विचारून सांग, म्हणाले. जामीनदाराची अट अजून तशीच आहे.